रायफल नेण्याची शिस्त आणि तिच्या जोडसाहित्याची निवड

स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्रातील खेळाडूच्या नावावर वैयक्तिक ऑलिंपिक पदक लागले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा मुलगा तिथपर्यंत पोहोचला, हे पाहिल्यापासून आमच्या भागातील रेंजवर येणाऱ्या पालकांची संख्या वाढली आहे आणि त्यांच्याबरोबर येणारे प्रश्नही वाढले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रायफलला काय काय लावायचे. दुसरा प्रश्न असतो, ती घरातून रेंजपर्यंत न्यायची कशी. मी प्रोन म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात क्लबच्या पातळीवर अनेक वर्षे नेमबाजी करत आलो आहे आणि या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. तेच येथे सविस्तर मांडतो.

आपल्याकडे क्रीडा रायफल क्वचितच पूर्ण जुळवलेल्या अवस्थेत राहते. सराव संपला की ती पेटीत बसवण्यासाठी बट प्लेटचा (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचा) हूक काढावा लागतो, डायऑप्टर म्हणजे नेम धरण्याची मागची साइट उतरवावी लागते, हँडस्टॉप (पुढच्या हाताला टेकणारा आधार) सैल करून काढावा लागतो आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा सरकता भाग) वेगळा ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी हे सगळे पुन्हा जोडायचे असते. म्हणजे रायफल नेण्याची पद्धत आणि तिच्यावरील सुट्या भागांची निवड या वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. जो भाग काढून पुन्हा लावल्यावर नेमका त्याच खुणेवर बसत नाही, तो कितीही नामांकित कंपनीचा आणि कितीही महाग असला, तरी आपल्या परिस्थितीतील नेमबाजाने घेऊ नये. माझी निवडीची पहिली कसोटी हीच आहे आणि वजन, रंग, किंमत यांचा विचार मी तिच्यानंतर करतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अनेक तरुण मुले अमेरिकेतील चित्रफिती पाहून येतात. तेथे स्वसंरक्षणासाठी कमरेला पिस्तूल बाळगणे आणि रायफलच्या नळीभोवतीच्या रेलवर टॉर्च, रेड डॉट म्हणजे लाल ठिपक्याची साइट, पुढची मूठ अशी साधने बसवणे यावर भरपूर चर्चा असते. तो तेथील कायद्याचा आणि तेथील गरजांचा विषय आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत परवाना मिळतो आणि क्रीडा नेमबाजाने रायफल बाळगणे म्हणजे ती घरातून रेंजवर, रेंजवरून स्पर्धेला आणि तेथून घरी परत नेणे, एवढेच. साहित्याच्या बाबतीतही आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर दुर्बीण चालत नाही, नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर किंवा मझल ब्रेक (धक्का कमी करणारी जोडणी) चालत नाही. चष्म्याच्या नंबरची भिंग मागच्या साइटवर बसवता येते किंवा नेमबाज ती चष्म्यात वापरू शकतो. त्यामुळे त्या चित्रफितींतील बहुतांश सल्ला आपल्या उपयोगाचा नाही, हे मुलांना सुरुवातीलाच समजावून सांगितलेले बरे.

आता नेण्याच्या शिस्तीकडे येतो. फायरिंग पॉइंटवरून रायफल उचलण्यापूर्वी बोल्ट उघडायचा, चेंबर म्हणजे काडतूस बसण्याची जागा रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि त्यात ते रिकामे असल्याचे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घालायचा. हा फ्लॅग भडक नारिंगी किंवा तशाच ठळक रंगाचा असतो आणि रायफल फायरिंग पॉइंटवर वापरात नसताना तो आत असलाच पाहिजे, असा नियम आहे. एअर रायफलसाठी तो नळीच्या पूर्ण लांबीचा असावा लागतो, कारण नळीत अडकलेला पेलेट म्हणजे छर्रा चेंबरकडून दिसत नाही. स्पर्धेत पंच तपासतात म्हणून फ्लॅग घालणारे आणि घरी पेटी उघडतानाही फ्लॅग जागेवर आहे का हे पाहणारे, असे दोन प्रकारचे नेमबाज मी पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारच्या नेमबाजाच्या शेजारच्या लेनवर मला निर्धास्त वाटते. रायफल हातात घेताना नळीचे तोंड कोठे आहे याचे भान आणि लक्ष्यावर साइट स्थिरावेपर्यंत बोट चापापासून दूर, या दोन सवयी इतक्या मुरलेल्या असाव्यात, की थकव्यातही त्या सुटू नयेत.

पेटी बंद करण्यापूर्वी मी बोल्ट काढून कापडी पिशवीत घालतो आणि ती पिशवी पेटीऐवजी माझ्या खांद्यावरच्या बॅगेत ठेवतो. काडतुसे तिसऱ्या ठिकाणी, स्वतंत्र कुलपाच्या डब्यात असतात. अशा रीतीने पेटी कोणाच्या हाती लागली, तरी ती रायफल गोळी झाडू शकत नाही. घरीही हीच विभागणी कायम ठेवावी. भिंतीला स्क्रूने पक्के केलेले लोखंडी कपाट रायफलसाठी, आणि बोल्ट व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात. घरात लहान मुले असतील तर चाव्या कोठे आहेत हे त्यांना ठाऊक नसावे. एअर रायफलच्या बाबतीत मात्र अनेक घरांत ढिलाई दिसते आणि ती मला फार खटकते. ठरावीक मर्यादेखालील शक्तीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा लावला जातो. तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा असते आणि तिचा पेलेट डोळा कायमचा निकामी करू शकतो. तिलाही कुलूप हवेच.

प्रवासात पेटी स्वतःच्या नजरेआड होऊ देऊ नये. रेल्वेत ती बर्थखाली ठेवून साखळीने बांधणे मला योग्य वाटते. एसटीने जायचे असेल तर ती टपावर किंवा डिकीत देण्याचा आग्रह मान्य न करता शेजारी उभी ठेवावी, आणि ते शक्य नसेल तर दुसरी गाडी पाहावी. पेटीत काय आहे, या सहप्रवाशाच्या प्रश्नाला खेळाचे साहित्य एवढे उत्तर पुरते. वाटेत नातेवाइकांच्या घरी थांबलो आणि मुलांनी हट्ट धरला, तरी पेटी उघडायची नाही. मूळ परवाना, त्यावरील यूआयएन हा परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक, परवान्याची क्षेत्रमर्यादा जिल्ह्यापुरती आहे की राज्यभर की देशभर, आणि स्पर्धेचे प्रवेशपत्र ही कागदपत्रे एका पाकिटात हाताशी असावीत, कारण तपासणीच्या वेळी मोबाइलमधील छायाचित्र पुरेसे ठरेलच असे नाही. विमानाने जाताना रायफल आणि काडतुसे केवळ चेक-इन सामानात, आधी कळवून आणि वेगवेगळी बांधून जातात. काडतुसांसाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत प्रवाशामागे एकूण ५ किलो वजनाची मर्यादा आहे. पॉइंट टू टूच्या, म्हणजे ५० मीटर रायफलच्या काडतुसाचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आत असल्यामुळे ५०० काडतुसांचा गठ्ठा दोन किलोंच्या आत बसतो आणि मोठ्या स्पर्धेलाही ही मर्यादा अपुरी पडत नाही. एअर रायफलचा सिलिंडर मात्र उड्डाणापूर्वी पूर्ण रिकामा करावा लागतो. सिलिंडरवर वापराची अंतिम तारीख कोरलेली असते आणि मुदत उलटलेला सिलिंडर बदलण्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. सेकंडहँड एअर रायफल घेताना मी सर्वांत आधी तीच तारीख वाचायला सांगतो.

निवडणुकांच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते. क्रीडा नेमबाजांना सवलत मिळू शकते, पण तिच्यासाठी संघटनेच्या पत्रासह वेळेत अर्ज करावा लागतो. स्पर्धेचे वेळापत्रक आणि निवडणुकीचे वेळापत्रक एकत्र पाहण्याची सवय ज्यांनी लावून घेतली, त्यांचा हंगाम वाचतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा सर्वसाधारणपणे तीनवरून दोनवर आणली. रायफल घेऊन काढलेली, मित्रांना दाखवण्यासाठी पसरवलेली छायाचित्रेसुद्धा मला या खेळाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी वाटतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ती काढू देत नाही.

जोडसाहित्यात सर्वांत जास्त विचार मी डायऑप्टरचा करतो. माझ्या रायफलवर मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर सुमारे ८० सेंटिमीटर आहे. ५० मीटर हे त्याच्या जवळपास ६२ पट. म्हणून डायऑप्टर रेलवर बसवताना एक दशांश मिलिमीटर जरी आडवा सरकून बसला, तरी गोळी लक्ष्यावर सुमारे ६ मिलिमीटर सरकते. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि गोळीचा ५.६ मिलिमीटर, कडेला स्पर्श झाला तरी दहा गुण मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. त्या आठातील सहा मिलिमीटर जर साइट बसवण्यातच खर्ची पडले, तर शरीर कितीही स्थिर असले तरी काय उपयोग? त्यामुळे डायऑप्टर निवडताना त्याचा क्लॅम्प रेलवर कसा पकडतो, स्क्रू आवळताना तो एका बाजूला झुकतो का, आणि काढून पुन्हा लावल्यावर ग्रुप म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका त्याच जागी पडतो का, हे मी पाहतो. ही परीक्षा दुकानात घेता येत नाही. रेंजवर, क्लबमधील कोणाचा तरी तसाच डायऑप्टर मागून, पाच गोळ्यांचा ग्रुप झाडावा, साइट उतरवावी, पुन्हा लावावी आणि आणखी पाच झाडाव्यात. जे साधन ही परीक्षा पार करते, त्याच्या क्लिक्स म्हणजे समायोजनाचे टप्पे थोडे जाड असले तरी मला चालतात. रेलवर क्लॅम्पच्या पुढच्या कडेला बारीक रेघ ओढून ठेवली, तर लांबीच्या दिशेने साइट दररोज त्याच जागी येते आणि डोळ्यापासूनचे अंतरही बदलत नाही.

पुढच्या साइटमधील रिंगच्या मापाबद्दल नवे नेमबाज जवळजवळ हटकून एकच कल घेतात. त्यांना लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाला चिकटून बसणारी लहान रिंग हवी असते, कारण ती अधिक अचूक वाटते. प्रत्यक्षात अशा रिंगमध्ये काळ्याभोवतीचा पांढरा पट्टा इतका अरुंद होतो, की थोड्याशा हालचालीने तो एका बाजूला नाहीसा झाल्यासारखा दिसतो, नेमबाज चाप ओढायला कचरतो, श्वास लांबतो आणि डोळा थकतो. मोठ्या रिंगमध्ये तीच हालचाल डोळा शांतपणे स्वीकारतो आणि वर्तुळाला मध्यभागी ठेवण्याचे काम तो आपोआप करतो. म्हणून अदलाबदल करायच्या सुट्या रिंगांपेक्षा माप कमीजास्त करता येणारी एक चांगली आयरिस मला नेहमी श्रेयस्कर वाटते. ढगाळ दिवशी, उन्हात किंवा बंदिस्त रेंजवरील दिव्यांत तिचे माप एका वळणाने बदलता येते. एअर रायफलवरून ५० मीटरकडे वळणाऱ्या मुलांनी हेही लक्षात ठेवावे, की १० मीटरवरील ३०.५ मिलिमीटरचे काळे वर्तुळ डोळ्याला ५० मीटरवरील ११२.४ मिलिमीटरच्या वर्तुळापेक्षा मोठे दिसते. त्यामुळे एकीकडे सवयीचे झालेले रिंगचे माप दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाही.

बट प्लेट आणि चीक पीस (गाल टेकवण्याचा भाग) यांच्याबद्दल माझा आग्रह सोपा आहे: त्यांवर मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या असाव्यात आणि प्रत्येक दिशेचे समायोजन वेगळ्या स्क्रूने व्हावे. काही बट प्लेटमध्ये एकच स्क्रू सैल केला की उंची, कोन आणि बाजूचा कल तिन्ही एकदम सुटतात. ती रचना दिसायला सुटसुटीत असते, पण हूक काढून पेटीत ठेवणाऱ्या माणसाला ती रोज नव्याने जुळवावी लागते. चीक पीसची उंची अर्धा मिलिमीटर बदलली तरी मानेचा ताण बदलतो, डोळा डायऑप्टरच्या छिद्रामागे मध्यभागी येत नाही आणि नेमबाज मान वळवून ती चूक भरून काढू लागतो. चीक पीस शक्यतो पेटीत घालताना हलवूच लागू नये, अशा उंचीची पेटी घ्यावी. पेटी ही सुद्धा जोडसाहित्यातच मोडते, हे आपल्याकडे फार कमी लोक ध्यानात घेतात. रायफलवर भरपूर पैसे घालून तिला अपुऱ्या खोलीच्या पेटीत कोंबणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की एखादा सुटा भाग कमी घ्या, पण पेटी अशी घ्या की कमीत कमी भाग सोडावे लागतील.

प्रोन आणि नीलिंगसाठी (गुडघ्यावर बसून) स्लिंग म्हणजे दंडाला बांधून रायफलला आधार देणारा पट्टा लागतो. स्टँडिंगमध्ये (उभे राहून) आणि एअर रायफलच्या प्रकारात तो चालत नाही. त्याची रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर असू शकते. स्लिंगमध्ये पाहायची गोष्ट म्हणजे तो ताणाखाली लांबतो का. सरावाच्या दुसऱ्या तासात जो स्लिंग किंचित ढिला पडतो, तो रायफल खाली आणतो, आणि नेमबाज नकळत हाताच्या स्नायूंनी ती उचलून धरतो. तो दंडावर शक्यतो वर, खांद्याजवळ बसवला तर नाडीचे ठोके रायफलपर्यंत कमी पोहोचतात. हँडस्टॉपची जागा फोरएंडखालील (दस्त्याच्या पुढच्या भागाखालील) रेलवर मोजपट्टीने मोजून वहीत लिहावी. ती दोन-तीन मिलिमीटरने पुढे गेली तरी स्लिंगचा ताण बदलतो आणि प्रोनमध्ये पुढच्या हाताचा जमिनीशी कोनही बदलतो. तो ३० अंशांपेक्षा कमी होता कामा नये, असा नियम आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक पटकावले. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गमावण्यासाठी शरीर आणि रायफल यांचे नाते प्रत्येक गोळीला किती सारखे राहावे लागत असेल, याची कल्पना यावी म्हणून मी हा आकडा मुलांना सांगतो.

नळीवर आणि फोरएंडवर लावायची वजने शेवटी. पुरुषांच्या ५० मीटर रायफलला सर्व साहित्यासह ८ किलोंची आणि एअर रायफलला ५.५ किलोंची मर्यादा आहे, आणि मर्यादा आहे म्हणजे तिथपर्यंत पोहोचलेच पाहिजे, असा गैरसमज फार पसरलेला आहे. पुढे वजन वाढवले की थरथर कमी झाल्यासारखी वाटते, पण त्याची किंमत कंबर मोजते. वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत मला याची खरोखर काळजी वाटते. बारा-तेरा वर्षांची मुले पाच किलोंच्या आसपासची रायफल पाठीला बाक देऊन तासन्‌तास धरतात आणि पालक कौतुकाने पाहत राहतात. या वयात वजने काढून टाकावीत, सराव तुकड्यांत करावा आणि पाठीच्या व पोटाच्या स्नायूंच्या व्यायामाला रेंजइतकाच वेळ द्यावा.

पावसाळ्याचा विचार आपल्या भागात वेगळा करावाच लागतो. कोल्हापूर आणि कोकणच्या हवेत पेटीतील फोम ओल धरून ठेवतो आणि बंद पेटीत राहिलेल्या रायफलच्या नळीवर, स्क्रूंच्या डोक्यांवर चार-आठ दिवसांत गंज दिसू लागतो. घरी आल्यावर रायफल पेटीतून काढून, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन कपाटात ठेवावी. पेटी उघडी ठेवून वाळू द्यावी. सिलिका जेलच्या पिशव्या नियमाने बदलाव्यात. रायफलच्या दस्त्याला ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि चेंबर असलेला धातूचा भाग धरून ठेवणारे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळावेत. हा रेंच मी डायऑप्टरच्या खालोखाल महत्त्वाचा मानतो, कारण प्रवासातील हादऱ्यांनी हे स्क्रू सैल होतात आणि ग्रुप का पसरला याचा शोध मग काडतुसांत, वाऱ्यात आणि स्वतःच्या मनःस्थितीत घेतला जातो.

राहिला प्रश्न पालकांच्या खरेदीचा. शस्त्र परवान्यासाठी सर्वसाधारणपणे वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे बहुतेक कुमार नेमबाज क्लबच्या रायफलीवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सराव करतात, आणि ते त्यांच्या हिताचेच आहे. पहिला पूर्ण हंगाम रायफल क्लबचीच असावी. या काळात मुलाचे स्वतःचे असावे ते ग्लोव्ह, मापात बसणारे जॅकेट, ब्लाइंडर (नेम न धरणारा डोळा झाकणारी पट्टी), सेफ्टी फ्लॅग आणि एक वही, जिच्यात बट प्लेटची लांबी, चीक पीसची उंची, हँडस्टॉपची जागा आणि रिंगचे माप तारखेसह लिहिलेले असेल. मुलाची उंची वाढते तशी ही मापे बदलत जातात, आणि हंगामाच्या शेवटी ती वही समोर ठेवूनच प्रशिक्षकांशी रायफलच्या खरेदीबद्दल बोलावे. अंशुट्झ घ्यावी, वॉल्थर घ्यावी की फाइनवेर्कबाऊ, हा प्रश्न त्या बैठकीत शेवटी येतो.